गरुड नसलेलं पिस्तूल

संग्रहातलं पहिलं पिस्तूल घ्यायचं तर राडोमच्या कारखान्यातलं 'विस' नावाचंच घ्यायचं, आणि तेही युद्धाआधीचं, पोलंडचा गरुड कोरलेलं, हे बोग्नाच्या डोक्यात कायेतानने भरवलं होतं. कायेतान तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सख्ख्या आईला स्टेशनवर सोडायलाही कुरकुरणारा हा माणूस त्या शनिवारी न बोलावता गाडी घेऊन दारात हजर झाला, तेव्हाच तिला खटकलं होतं. पण संग्राहकाचा परवाना हातात येऊन महिना झाला होता, आणि तिला धीर धरवत नव्हता.

तार्नूव्ह शहरातलं अल्बिनचं दुकान एका जिन्याखाली होतं. सत्तरीच्या, जाड भुवयांच्या त्या म्हाताऱ्याने मखमलीवर दोन पिस्तुलं ठेवली. एक निळसर काळं, तुकतुकीत. अंगावर गरुड आणि १९३८ हे साल. दुसरं करडं, खरबरीत, गरुडाविना. जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतल्यानंतरचं.

"बघ ताई, कसं राजबिंडं आहे!" कायेतान म्हणाला. "असलं पुन्हा हाती लागायचं नाही हं."

म्हातारा गप्प. मालाची तारीफ न करणारा दुकानदार बोग्नाने आजवर पाहिला नव्हता. नक्कीच पाणी मुरतंय, तिने मनाशी म्हटलं.

"आता थोड्या वेळात दुसरं गिऱ्हाईक येणार असेल, नाही का?" तिने खवचटपणे विचारलं.

"छे. आज कुणीच यायचं नाहीये," अल्बिन म्हणाला.

तिने पर्समधून स्वतःचं भिंग काढलं. सत्तावीस वर्षं ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवत आली होती. गरुडाच्या पंखापाशी तिची नजर अडकली. ठशाने दाबलेल्या चित्राच्या कडेला धातू किंचित उचलला जातो. इथे कडा सपाट होत्या, पिसांच्या रेघांचा तळ गोलसर होता आणि रेघ मध्येच थरथरली होती. ती थरथर तिच्या चांगली ओळखीची होती. संध्याकाळी हात दमला की तिच्या हातूनही अशीच रेघ पडायची.

"हा गरुड कारखान्यातला नाही. दातांच्या ड्रिलने कोरलाय," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं, काका?"

"होतं."

"आणि तोंड शिवून बसलात? लाज नाही वाटली?"

अल्बिनने भुवईनेच कायेतानकडे खूण केली. "मालकाला विचारा की, बाई. माझ्याकडे नुसतं विकायला ठेवलंय. दोनदा सांगितलं यांना, घेऊन जा म्हणून. तर म्हणाले, गिऱ्हाईक मीच आणतो. तुम्ही पैसे काढले असते तर बोललो असतो मी."

हे शेवटचं खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. कायेतानचे कान मात्र लालबुंद झाले होते.

"मलाही कुणीतरी फसवलंच ना," तो पुटपुटला. "चार वर्षं कपाटात पडून होतं."

"म्हणून मी सापडले?"

"तू नवीन आहेस, ताई. वाटलं, तुला काय कळणार. खूश झाली असतीस तू."

बोग्नाने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. करडं पिस्तूल उचलून ती तासभर बघत राहिली. यंत्राचे ओरखडे जसेच्या तसे होते. घाईघाईत, धाकाखाली राबणाऱ्या कामगारांनी बनवलेलं हे हत्यार पुढे कुणी नटवायला गेलं नव्हतं.

"याच्यावर तरी कुणी हात फिरवलेला नाही ना?"

"भिंग तुमच्या हातात आहे, बाई," म्हातारा म्हणाला.

तिने ते घेतलं. कागदांवर सह्या केल्या आणि कायेतानच्या गाडीकडे न बघता बस पकडली.

घरी पोचल्यावर तिने बहिणीला फोन लावला. दोब्रावाला नवऱ्याची ही करामत कळली तर किती लागेल, या विचाराने बसमध्ये तिला वाईटच वाटत होतं. कसं सांगावं ते सुचेना. "कायेतानचं पिस्तूल मी नाही घेतलं गं," एवढंच ती बोलली.



"अगं, निदान अर्ध्या किमतीत तरी घ्यायचंस," दोब्रावा म्हणाली.

दर रविवारी बोग्ना बहिणीकडे जेवायला जायची. त्या रविवारी तिने घरीच बीटचं सूप केलं आणि एकटीनेच प्यायलं. जेवणाच्या वेळेला फोन दोनदा वाजला. तिने तो वाजू दिला.