दापोली कोर्टातल्या तारखा

केळशीची गोदूबाई वीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावामागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढत होती. नवरा होडीवर आणि ती पाटीखाली, असा त्यांचा संसार. त्यातूनच तिनं स्वतःच्या हिमतीवर एक सोन्याची बोरमाळ केली होती आणि ती रोज गळ्यात घालायची. पेटीत ठेवलेलं सोनं पेटीचं असतं, आपलं नसतं, असं तिचं म्हणणं.

चौऱ्याऐंशी सालच्या माघात, भर दुपारी, सड्यावरच्या पायवाटेवर तोंडाला पंचा गुंडाळलेला एक माणूस तिला आडवा आला. हातात कोयती होती. त्यानं माळ ओढली. दोरा तुटेना तेव्हा कोयतीनं कापला, तिला ढकललं आणि करवंदीच्या जाळ्यांतून पळाला. गोदूबाई कातळावर पडली. पण पडण्याआधी तो एवढंच बोलला होता, "आते, वरडू नको." आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तुळसाचा शिवा.

तुळसा ही वरच्या वाडीतली शेतकरीण, नवरा नसलेली, गोदूबाईचं जुनं गिऱ्हाईक. शिवा तिचा एकुलता एक. मुंबईला गिरणीत होता. संपानंतर गिरणीनं परत घेतलं नाही, तेव्हापासून घरी बसून होता. गोदूबाईनं पोलीसपाटलाला नाव सांगितलं, पण नुसत्या आवाजावर माणसाला धरायचं कसं, असं पाटील म्हणाला. तिसऱ्या दिवशी तुळसा स्वतःच त्याच्या ओटीवर येऊन उभी राहिली. भात काढायला कणगीत हात घातला तर बोटांना माळ लागली होती. तिनं ती ओच्यातून काढून पाटलासमोर ठेवली आणि घरी गेली.

शिवाला पोलिसांनी नेलं. महिन्याभरानं मामा जामीन राहिला. जामिनावर सुटल्यावर तो आईकडे आलाच नाही. दापोलीत मामाकडे राहून लाकडाच्या वखारीत काम करू लागला. आईशी त्यानं बोलणं टाकलं.

मग तारखा सुरू झाल्या. कधी वकील आजारी, कधी साहेब रजेवर, एकदा तर साहेबांची बदलीच झाली. पहिल्या तारखेला गोदूबाई कोर्टाच्या पडवीत एका टोकाला बसली आणि तुळसा दुसऱ्या टोकाला. शिवा आवारातल्या आंब्याखाली, दोघींकडे पाठ करून. संध्याकाळी परतीची एसटी मात्र एकच होती, आणि तिच्यात बसायला जागाही एकच होती, गोदूबाईच्या शेजारी. तुळसा दांडा धरून उभी राहिली. गोदूबाईनं दोन वळणं तसंच जाऊ दिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस गो. पडशील."

तिसऱ्या तारखेला त्यांनी भाकरी वाटून खाल्ली. पाचव्या तारखेपर्यंत असं झालं, की तुळसा चटणी आणायची, गोदूबाई सुकट भाजून आणायची आणि कोर्टाचा पट्टेवाला सहदेव येता-जाता सुकटीतलं चिमूटभर मागून घ्यायचा. खटल्याविषयी दोघी बोलत नसत. भाताचं, होडीचं, गोदूबाईच्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलत. तारीख पुढं गेली की गोदूबाई तोंडानं सरकारला शिव्या द्यायची, पण मनातून तिला फारसं वाईट वाटत नसे. स्वतःचंच तिला नवल वाटायचं.

पुराव्याचा दिवस आला तेव्हा गोदूबाईनं घडलं ते घडलं तसं सांगितलं. तुळसाची पाळी आली. शिवाच्या वकिलानं तिला आधीच गाठून समजावलं होतं, की माळ पोलिसांनीच आणून ठेवली असं म्हण, पोरगा सुटेल. गोदूबाईला हे पट्टेवाल्याकडून कळलं होतं. एसटीत दोन तास शेजारी बसूनही तिनं तुळसाला त्याविषयी विचारलं नव्हतं. आता ती बाकावर बसून स्वतःचेच हात बघत राहिली.

साहेबांनी विचारलं, माळ कोणाला सापडली.

तुळसानं एकदा शिवाकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्या हाताला लागली, सायेब. आमच्याच कणगीत. दुसऱ्या कुणी ठेवली नाय."

शिवानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या संध्याकाळी एसटीत तुळसा गोदूबाईच्या शेजारी बसली. गोदूबाईनं तिचा हात धरून ठेवला, केळशी फाटा येईपर्यंत.

निकाल शहाऐंशीच्या कार्तिकात लागला. जबरी चोरी शाबीत झाली. बोरमाळ गोदूबाईला परत देण्याचा हुकूम झाला. शिक्षेआधी साहेबांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. आरोपीचा पहिलाच गुन्हा आहे, नोकरी गेलेली आहे, दया करावी, असं शिवाचा वकील म्हणाला. हातात कोयती होती, बाई एकटी होती, असं सरकारी वकील म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून गोदूबाई उभी राहिली. सहदेवनं तिला खाली बसायची खूण केली, पण साहेबांनी त्याला थांबवलं आणि बाई काय म्हणताहेत ते बोलू द्या म्हणाले.

"किती दिवस ते तुमी ठरवा, सायेब. त्यात माझं काय नाय," गोदूबाई म्हणाली. "त्यानं मला पाडलं, ते मी विसरलेली नाय. पण त्याला लांब नका धाडू. कोल्हापूर, पुणं नको. त्याच्या आयेनं खरं सांगितलं. तिला पोराला बघायला जाता येईल, असं कायतरी करा."

कुठल्या तुरुंगात ठेवायचं ते आपल्या हातात नाही, असं साहेबांनी तिला शांतपणे समजावलं. मग एक वर्षाची सक्तमजुरी लिहिली, कच्च्या कैदेतला महिना त्यातून वजा. एवढ्या शिक्षेचा कैदी बहुधा जिल्ह्यातच ठेवतात, हे सहदेवनं नंतर बाहेर येऊन सांगितलं.

तसंच झालं. शिवा रत्नागिरीला गेला. पण तुळसा कधी चिपळूणच्या पुढं गेलेली नव्हती. गोदूबाईची नणंद रत्नागिरीतच, मिरकरवाड्यात राहायची. मला नणंदेकडं जायचंच आहे, असं सांगून गोदूबाईनं तुळसाला बरोबर घेतलं. नणंदेचं आणि तिचं दहा वर्षं पटत नव्हतं, ते तिनं सांगितलं नाही.

तुरुंगाच्या दारात गोदूबाई बाहेरच थांबली. तुळसा आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"बोलला?" गोदूबाईनं विचारलं.

"आदी नाय बोलला. मग म्हणाला, आये, वाळलीस तू."

पुढं दर दोन महिन्यांनी दोघी जात राहिल्या. नणंदेलाही त्यांची सवय झाली.

शिवा सुटून घरी आला. गोदूबाईची पाटी अंगणात उतरली की तो उठून मागच्या परड्यात जायचा, आणि ती त्याच्या पाठीकडं न बघता तुळसाशी मासळीच्या भावावरून भांडत बसायची. असं वर्षभर चाललं. एके दिवशी भातकापणीला तुळसा शेतावर गेली होती आणि शिवा एकटाच घरी होता. मासळी घ्यायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळं परड्यात पळता येईना. तो अंगणात उभा राहिला, मग खाली बसला आणि पाटीतले चार बांगडे उचलून बाजूला ठेवले.

गोदूबाईनं ते बघितले आणि चारही परत पाटीत टाकले.

"गिरणीत काय शिकलास रे? हे मऊ पडलेत. बांगडा दाबून बघावा. हे घे, हे ताठ आहेत," ती म्हणाली. "आणि आयेला सांग, कालवणात त्रिफळं घाल म्हणावं, विसरते ती."

"व्हय, आते," शिवा म्हणाला, आणि भांडं आणायला आत गेला.