विसरलेली घोंगडी

ठाण्याच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी सभा भरे, आणि सहदेव बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा पेंगायची थांबत. कोलशेतच्या मिठागरात राबलेल्या राघोचा हा मुलगा मॅट्रिक झाला होता आणि कलेक्टर कचेरीत कारकून होता. त्या गावातून इतकं शिकलेला तो पहिलाच. पगडी तो सगळ्यांसारखीच घाली, पण ती त्याच्या डोक्यावर दोन बोटं उंच दिसे. आता चढलेल्या माणसाला थोडी चढेल, त्यात नवल काय?

त्या रविवारचा विषय त्यानंच सुचवला होता: तीमथ्याला लिहिलेली पत्रं पौलाची, की दुसऱ्या कुणाची? मुंबईहून त्यानं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. पौल या धर्मप्रचारकानं आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, लिहिली म्हणतात ती ख्रिस्ती धर्मग्रंथातली जुनी पत्रं जर्मन पंडितांनी कशी पारखली, ते त्यात होतं. पुस्तक वाचून झालं आणि सहदेवचे हात शिवशिवायला लागले. समोर वाद घालायला कोण? तर माजिवड्याच्या ख्रिस्ती देवळाच्या शाळेतले अल्फान्सो मास्तर. सहदेवला मुळाक्षरं ज्यांनी गिरवायला लावली, तेच. गुरूला हरवण्यासारखी गोड गोष्ट नाही, असं त्याला तेव्हा वाटत होतं.

सहदेवनं बोटांवर मोजून पुरावे दिले. पौलाच्या इतर पत्रांत नाहीत असले शब्द या पत्रांत ढिगानं आहेत. ख्रिस्ती मंडळीवर अधिकारी कसे नेमावेत, विधवांची यादी कशी ठेवावी, ही सगळी व्यवस्था मागाहूनची. "लिहिणाऱ्याच्या हयातीत जे नव्हतंच, ते पत्रात आलं की समजावं, पत्र बनावट!"

मास्तर उठले. साठीचे, वाळलेले, कोपरावर ठिगळ लावलेला काळा कोट.

"दुसऱ्या पत्रात पौल लिहितो, अमक्याच्या घरी माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये, आणि थंडीच्या आत ये. तोतया कशाला झगा मागेल रे, सहदेव?"

"मास्तर, तीच तर तोतयाची हुशारी! घरातली एखादी चिंधी आत शिवली की लबाडीचं कापड खरं दिसतं." सभा हसली. हशा चढला तसा सहदेवही चढला. "मेलेल्या माणसाच्या नावानं पत्र लिहिणारा तो लबाड, आणि पोरांना ते खरं म्हणून वाचून दाखवणारा त्याहून लबाड!"

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं. सहदेवकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. कचेरीतल्या उत्तमनं पाठ थोपटली. मास्तर छत्री घेऊन कधी निघून गेले, ते कुणी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी होती. सहदेव कोलशेतला घरी होता. आई, ठमाबाई, अंगणातल्या दोरीवर घोंगडी वाळत घालत होती. पावसाळा सरला की ही घोंगडी उन्हात घालायची, हा या घरातला नेमच. सहदेव लहान असतानाच राघो खलाशी होऊन जहाजानं आफ्रिकेतल्या जंगबारला गेला होता, तिथून वर्षाला दोन पत्रं यायची. ती मास्तरांच्या पत्त्यावर येत आणि मास्तरच ओटीवर बसून, काका गोविंदासकट सगळ्यांना वाचून दाखवत आणि कागद घडी करून परत आपल्या खिशात ठेवत. 'चिरंजीव सहदेव यास आशीर्वाद. शाळा सोडू नये. गोविंदाने त्यास मिठागरावर नेऊ नये, ही माझी आज्ञा. माझी घोंगडी विसरून आलो आहे, ती उन्हात घालीत जावी.' सहदेव मॅट्रिक झाला त्या वर्षी राघो तिकडेच वारल्याचं पत्र आलं, तेव्हा ठमाबाईनं कुंकू पुसलं.

"काल मास्तरांना पार गप्प केलं, आये," सहदेव म्हणाला, आणि पौलाच्या झग्याची गोष्ट त्यानं हसत हसत सांगितली.

ठमाबाईचा हात दोरीवरच थांबला. "काय बोललास तू त्यांना?"

त्यानं पुन्हा सांगितलं. पण या वेळी बोलता बोलता त्याची नजर घोंगडीवर गेली. काळी, पांढऱ्या काठाची. कल्याणच्या बाजारात एका धनगराकडून घेतलेली. आईनं घासाघीस केली होती, आणि घरी येईपर्यंत ती आपणच डोक्यावर घेतली होती. हट्टानं. मान अवघडली होती. तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो.

आणि बाप जंगबारला गेला तेव्हा सहा.

जी घोंगडी बाप गेल्यावर दोन वर्षांनी घरात आली, ती बाप विसरून कशी जाईल? लहानपणी हा प्रश्न त्याला पडला नव्हता. बापाच्या शब्दापुढं पोराची आठवण ती काय. पण काल भर सभेत त्यानं स्वतःच कसोटी सांगितली होती.

"आये, ती पत्रं कुणाची?"

ती ओटीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"तुजा बापूस पयल्याच वरसाला तापानं मेला. तो मेल्याचा कागद मास्तरांकडं आला. मीच त्यांचं पाय धरलं. म्हनलं, कुनाला सांगू नका. कुकू पुसला असता त गोविंदानं दुसरे दिशी तुज्या हातात फावरा दिला असता. बापूस जिता हाय तवर पोराला हात लावाची त्याची छाती नव्हती."

"म्हणजे दहा वर्षं तू..."

"रांडमुंड बाई कुकू लावून हिंडली. व्हय. मना रडाला पन नाय मिलला. आनि मास्तर? दर वरसाला पाद्रीबाबाफुडं जाऊन पाप कबूल करीत, आनि परत येऊन लिवीत. घोंगरी खुंटीवर बघली त्यांनी, त्यांना वाटली त्याचीच. मी बोलले नाय."

सहदेवच्या कानात कालच्या टाळ्या वाजू लागल्या. लबाड. त्याहून लबाड. त्या शब्दांचं अक्षरन् अक्षर ज्यानं शिकवलं, त्यालाच त्यानं ते चारचौघांत तोंडावर मारले होते, आणि त्या माणसानं 'बरोबर आहे तुझं' म्हणून मान खाली घातली होती. धरणीनं पोटात घ्यावं, असं त्याला झालं. धरणी घेत नसते, तो ओटीवर तसाच उभा राहिला.

"मी सभेत सांगतो सगळं. माफी मागतो."

"नको रं बाला!" ती दचकून उठली. "माजा नाव चार मानसांत काढू नको. लोक मना काय बोलतील?"

म्हणजे खरं सांगायचीही सोय नव्हती. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. मास्तरांच्या घरावरून दोनदा गेला आणि दोनदा तसाच परतला.

पुढच्या रविवारी मास्तर सभेला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण ते आले, शेवटच्या बाकावर बसले. सहदेव उभा राहिला.

"मागच्या खेपेस मी चुकलो. ते पुस्तक मला नीट कळलंच नव्हतं. पत्रं पौलाचीच आहेत. मास्तरांचं म्हणणं खरं होतं, आणि मी त्यांना जे बोललो ते माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं."

हशा पिकला. "इंग्रजी पुस्तक पचलं नाही वाटतं!" कुणीतरी म्हणालं. "शेवटी मिठागरातलाच!" दुसरा म्हणाला. उत्तमनं तोंड फिरवलं. सहदेव ऐकत राहिला. आपल्याला हे कमीच आहे, असं त्याला वाटलं.

सभा उठल्यावर तो मास्तरांच्या मागोमाग तलावापर्यंत गेला. बगलेत घोंगडी होती. आईनं सकाळी आपणहून हातात दिली होती.

"मास्तर, थंडी पडतेय. ही तुमच्यासाठी."

मास्तरांनी घोंगडी ओळखली. पांढऱ्या काठावरून बोट फिरवलं.

"ठमाबाई बोलली तर."

सहदेवनं मान डोलावली.

"मग मघाशी सभेत खोटं का बोललास?"

"तुमच्यासाठी, मास्तर. मला दुसरं काही सुचलं नाही."

"अरे, पुस्तक तुला चांगलं कळलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच सहदेवला सोसवेना. "ती पत्रं पौलाची नसावीत, असं मलाही फार वर्षं वाटतंय, कबूल करवत नव्हतं इतकंच. पोरसवदा तीमथ्य, त्याला कुणी हलकं लेखू नये म्हणून मागं राहिलेल्या कुणीतरी ती लिहिली असतील. झग्याची ओळ वाचली, की मला त्या माणसाची लाज वाटते, आणि मग घोंगडीची ओळ लिहिणाऱ्या माझी."

त्यांनी घोंगडी खांद्यावर घेतली आणि माजिवड्याच्या वाटेला लागले. सहदेवनं पाया पडायला वाकायचं म्हणून हात पुढं केले होते, ते तसेच राहिले.