तोफ आणि आम्ही

यॉर्कशरमधल्या आमच्या गावचा ड्रिल हॉल व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. कवायतीच्या मध्ये काही येऊ नये म्हणून एकही खांब नाही, अख्खं छप्पर लोखंडी कमानींवर. आणि नेमकी मधोमध तोफ! त्या शहाण्यांनी आधी तोफ आत आणली, मग बुरुजांसकट समोरची भिंत बांधली. दार ठेवलं माणसापुरतं.

आता आम्ही तिथे बॅडमिंटन खेळतो. शटल तोफेच्या तोंडात गेलं की गुण तोफेला. सध्या तीच पहिली आहे.

परवा वारसा खात्याच्या बाई आल्या. मी वैतागून म्हटलं, "भिंत तरी फोडा, नाहीतर तोफ तरी कापा!"

"दोन्ही संरक्षित आहेत, ओल्डरॉइडसाहेब."

"मग हलायचं कुणी?"

बाईंनी चहा संपवला. "तुम्ही. तुम्हाला हलवायला परवानगी लागत नाही."