उभा बेस

भीमाशंकरनं बेस गिटार खांद्यावरून उतरवून स्टँडला टेकवली, पायानं पेडल दाबलं आणि मागं वाकून ॲम्प्लिफायरचा आवाज जरासा वाढवला. मग खांबाशी ठेवलेला माणसाएवढा डबल बेस त्यानं छातीशी उभा धरला. वाद्यं दोन, ॲम्प एकच. पेडलवर लाल दिवा लागला की गिटार, हिरवा लागला की उभा बेस. गिटारचा आवाज दणकट, उभ्याचा हलका, त्यामुळं दर अदलाबदलीला वाकावं लागे. आवाज फार वाढला तर उभ्याचं पोकळ लाकूड आपसूक घुमायला लागे.

"अगं बया, केवढं व्हायोलिन!" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

"बसून वाजवलं तर वाजवणारा दिसायचाच न्हाय," शेजारीण म्हणाली.

ईट गावच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा सत्कार होता. ऑर्केस्ट्रा तुळजापूरचा. टेम्पो भरतानाच मालक हणमंतप्पा उभ्या बेसकडं बघत त्याला म्हणाला होता,

"अण्णा, आजच्याला घेऊ. पण बेसूर झालं तर ह्ये धूड परत टेम्पोत चढायचं न्हाय. गिटारवर भागतंय की."

भीमाशंकरनं बेस टेम्पोत चढवला होता. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पण करंगळी सांगेल तिथं पडेना. गिटारच्या दांडीवर पट्ट्या असतात, बोट थोडं मागंपुढं झालं तरी सूर जागेवर येतो. उभ्या बेसला पट्टी नसते. बोट पडेल तोच सूर. तेव्हापासून हणमंतप्पा त्याला उभ्याचा आवाज बारीक ठेवायला सांगत असे.

गाणं संपलं. हणमंतप्पा मंचाच्या कडेला आला.

"आज लई सुरात, अण्णा. म्या उगंच धास्ती घेतली."

भीमाशंकरनं मान हलवली आणि फडकं घेऊन तारा पुसायला पाठ वळवली. त्या पुसण्याची काही गरज नव्हती.

मधली गाणी गिटारवर झाली. पुन्हा उभ्याची पाळी आली तेव्हा गायिकेनं घाईनं सुरुवात केली. त्यानं पाय मारला, बेस धरला, वाजवू लागला. पहिलं कडवं झाल्यावर त्याची नजर खाली गेली. दिवा लाल होता. पेडल नीट दाबलंच गेलं नव्हतं. उभ्याचा आवाज कुठंच जात नव्हता.

तरी स्पीकरमधून बेस येत होता. भरीव, ठेक्यावर, एकही सूर न ढळता.

त्यानं तारांवरून हात उचलला. बेस थांबला नाही.

डावीकडं कीबोर्डवर अर्पिता होती. तिचा उजवा हात चाल वाजवत होता आणि डावा खालच्या पट्ट्यांवर त्याचे सूर वाजवत चालला होता. तिनं वर पाहिलं. त्याचा अधांतरी हात दिसताच तिची बोटं अडखळली, पण गाणं पडू नये म्हणून चालत राहिली. भीमाशंकरनं हात पुन्हा तारांवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच आवाजाविना हलवत राहिला.

भाषणं सुरू झाल्यावर तो तिच्याजवळ गेला.

"कवापासून?"

"वाशीच्या लग्नापासून, काका. तुमी दवाखान्यातून आल्यावर."

"हणमंतानं सांगितलं?"

"न्हाय. त्यांना ठावंच न्हाय." ती पट्ट्यांवरची धूळ पुसत राहिली. "उभा बंद झाला तर तुमी यायचंच सोडाल, असं वाटलं."

"शेवटच्या गाण्याला डावा हात मांडीवर ठेव."

"मालक समोरच बसलेत, काका."

"दिसतंय मला."

शेवटच्या गाण्याआधी त्यानं पेडल दाबलं आणि हिरवा दिवा लागल्याचं पाहिलं. मग ॲम्पचा आवाज कधी नव्हे इतका वाढवला. गाण्याच्या तळाशी क्षणभर काहीच नव्हतं. मग उभ्याचं लाकूड घुमलं आणि त्याचा सूर आला, थोडा उतरलेला.

हणमंतप्पाची चहाची बशी ओठांजवळच थांबली. दुसऱ्या कडव्यात करंगळी पुन्हा घसरली तेव्हा गायिकेनंही मागं वळून पाहिलं. भीमाशंकर आवाज कमी करायला वाकला नाही. कित्येक महिन्यांनी तो स्वतःला ऐकत होता, डोळे मिटून, शेवटच्या सुरापर्यंत.

टाळ्या पडल्या. अर्पिता उठून जवळ आली.

"दोनच जागी सूर गेला, काका."

"पाच," तो म्हणाला.

हणमंतप्पा बशी खाली ठेवून मंचाकडं निघाला होता. तो पोचला तेव्हा भीमाशंकर उभ्याच्या तारा सैल करत होता, वाद्य कायमचं ठेवून देताना करतात तशा.