वरचा रेडिओ

टोलफसन भावांमध्ये अकरा वर्षं विस्तव आडवा जात नव्हता. थोरला अर्विड, धाकटा सेल्मर. कुरणाला कुरण लागून, मध्ये तारेचं कुंपण, आणि तेसुद्धा दोघं वेगवेगळ्या दिवशी दुरुस्त करायचे, चुकून समोरासमोर यायला नको म्हणून.

भांडणाचं मूळ म्हणजे बापाचा डाग, तापल्या लोखंडाने गुरांवर उठवायची खूण. मोंटानात गुराच्या पुठ्ठ्यावर डाग नसेल तर ते जनावर कुणाचंच नाही, आणि डाग असेल तर तुमचं नाव-गाव-खानदान सगळं त्यात आलं. म्हातारा टोलफसन मरताना जमीन निम्मी-निम्मी करून गेला. पण डागाचे तुकडे कसे करणार? तो गेला धाकट्याकडे. आडवा पडलेला इंग्रजी टी. डागातलं अक्षर आडवं असलं की तिकडे त्याला आळशी म्हणतात, म्हणून हा आळशी टी. आजोबांनी नॉर्वेहून येऊन पहिल्या गुरांवर उठवलेला. थोरला मी, बापाच्या हाताखाली राबलो मी, आणि माझ्या गुरांवर कुठलातरी नवा उपरा डाग? अर्विडच्या पोटात हे जे दुखणं शिरलं ते शिरलंच. बायको आयनेझ गेली, मुलगी दूर सिॲटलला गेली, पण हे काही गेलं नाही. उलट त्याला गोंजारत बसायला आता वेळच वेळ होता.

चर्चच्या जेवणात, सगळ्या गावादेखत, दोघांनी शपथ घेतली की मरेपर्यंत एकमेकांशी बोलणार नाही. टोलफसनांचा शब्द म्हणजे शब्द. मात्र रेडिओवरचं बोलणं हे बोलणं नव्हे, असं दोघांनीही आपापल्या परीने ठरवून टाकलं.

स्वीनी गावच्या टीचभर रेडिओ केंद्रावर दुपारी बाराला ‘अदलाबदल’ लागायचं. कुणाला नांगर विकायचाय, कुणाचा कुत्रा हरवलाय, लोक फोन करून कळवायचे आणि निवेदिका बर्नाडीन ते गव्हाचा भाव वाचावा तशा आवाजात वाचायची. त्यातच सेल्मरचा निरोप यायचा: “विकणे आहे, एक शिडी. थोरल्या भावाने वापरलेली आहे, तेव्हा वर चढणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर चढावे.” दुसऱ्या दिवशी अर्विडचा: “सापडली आहे, एक टोपी. आत काहीच नाही, त्यामुळे माझ्या भावाचीच असावी.” सगळं गाव गाड्या कडेला लावून ऐकायचं. पण टोलफसनांच्या तोंडावर त्यातला शब्द काढायचा नाही, ही गावाची रीत. घरातलं भांडण कानावर पडलं तरी पडलं नाही म्हणायचं, तसं.

त्या वसंतात अर्विडने ग्रेट फॉल्सहून एक पिकअप आणली. फारशी न वापरलेली, आणि आत उपग्रहाचा रेडिओ. गाव त्याला नुसतं ‘वरचा रेडिओ’ म्हणायचं. अर्विड त्यावर असा भाळला की विचारू नका. दिवसभर ॲकॉर्डियनची जुनी नाचगाणी, ना खरखर, ना शेणखताच्या यंत्राची जाहिरात. घरचा रेडिओ आयनेझबरोबरच बंद पडला होता, म्हणजे ऐकायचं ते गाडीतच.

विल्माच्या खानावळीत बसून तो याच्या बढाया मारायचा. “इथून थेट टेक्ससपर्यंत जा, तेच गाणं, तोच आवाज. तुमच्या त्या डब्याचा टेकडी ओलांडली की घसा बसतो.”

“आणि गारा पडणार असल्या तर कोण सांगणार, टेक्सस?” गुरांचा डॉक्टर डेल म्हणाला.

“मला डोळे आहेत. वर बघतो.”

“परवा रस्ता बंद होता तेव्हा वर बघूनच गेलास ना? वीस मैल जाऊन परत आलास.”

“गाणी चांगली होती,” अर्विड म्हणाला.

विल्माने कॉफी ओतली. “गावात कोण मेलं ते तरी कळतं का त्यावर?”

“मेलेला काही माझी वाट बघत थांबत नाही.”

पण खरी गंमत त्याने कुणाला सांगितली नव्हती. खरी गंमत ही की सेल्मर आता ऐकू येत नव्हता. बारा वाजले की पूर्वी हातातलं काम टाकून कान लावायचा, आज काय बोलतोय म्हणून, मग दुपारभर उत्तर जुळवत बसायचं. आता बारा वाजले की ॲकॉर्डियन. भुंकू दे मेल्याला. त्याच सेटवर जुन्या केंद्राचं बटण होतं, अगदी बोटाखाली. उन्हाळाभर अर्विडने त्याला हात लावला नाही.

शरद लागला आणि गाव फिरलं. विल्मा कॉफी आणायची ती गार. डेल त्याला बघून दुसऱ्या टेबलावर जायचा. पेंडीच्या दुकानातला पोऱ्या पूर्वी पोती गाडीत टाकून द्यायचा, आता “उचला तुमची तुम्ही” म्हणून आत निघून गेला. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. अर्विडने स्वतःशी ठरवलं, जळतायत. नवी गाडी बघवत नाही लोकांना. आणि मग तोही ताठला. तोही कुणाशी बोलेना. गाडीचं दार आपटायचं, आवाज वाढवायचा आणि निघायचं.

एका मंगळवारी तो खानावळीत अंडी खात असताना बर्नाडीन आत आली. ती सकाळची कधी यायची नाही. सरळ त्याच्या टेबलापाशी आली आणि उभी राहिली.

“अर्विड, आज अकराला तो कॅलिफोर्नियावाला सेल्मरकडे येणार आहे. तू जाणार आहेस की नाही?”

“कोण कॅलिफोर्नियावाला? आणि सेल्मरकडे कोण का येईना, मला काय त्याचं?”

 बर्नाडीनने रेडिओवर कधी चढवला नव्हता तो आवाज इथे चढवला. “लाज वाटते का रे तुला? माणूस इतका दगड असतो? पंधरा दिवस मी रोज वाचतेय. माझा आवाज फुटायला लागला वाचताना, आणि तू इथे अंडी खातोयस.”

“काय वाचतेयस?”

“नाटक करू नकोस.”

“बर्नाडीन, काय वाचतेयस?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली, आणि न वाचता, पाठ झालेलं म्हणावं तसं म्हणाली, “‘देणे आहे, आळशी टी. साखरेच्या दुखण्याने माझा पाय खाल्ला, गुरं विकली, मी गावात राहायला चाललो. डागावर पहिला हक्क थोरल्या भावाचा. पैसे नकोत. त्याने दारात येऊन डाग हवा एवढंच म्हणावं. सेल्मर टोलफसन.’ रोज हेच. रोज फोन करतो आणि विचारतो, नीट वाचलंस ना? आज तू गेला नाहीस तर डाग त्या कॅलिफोर्नियावाल्याला जाणार.”

अर्विडने ताटली बाजूला सारली. “मला कुणी सांगितलं का नाही?”

“कुणी सांगायचं?” डेल पलीकडून म्हणाला. “सगळ्या परगण्याने ऐकलं. तू ऐकलं नसशील हे कुणाच्या डोक्यात येईल? आणि टोलफसनांच्या मध्ये तोंड घालायचं नाही, हे तुमच्याच घराने आम्हाला शिकवलंय.”

अर्विड उठला तो सुसाट सुटला. आयुष्यभर जे मागितलं ते दारात ठेवलेलं होतं, फुकट, आणि तो ॲकॉर्डियन ऐकत होता. गाडी सुरू झाल्याबरोबर तेच वाजायला लागलं. त्याने मुठीने ते बंद केलं.

सेल्मरच्या अंगणात एक चकचकीत काळी गाडी उभी होती. अकरा वर्षांत अर्विड त्या पायऱ्या चढला नव्हता. दार न वाजवता तो आत गेला. स्वयंपाकघरात टेबलापाशी सेल्मर, उजव्या गुडघ्याखाली काही नाही, आणि समोर नव्या कोऱ्या बुटांतला एक गोरागोमटा माणूस, नाव प्रेंटिस. हरणांच्या शिकारीसाठी पाहुणे येऊन राहतात तसं घर त्याला बांधायचं होतं, आणि फाटकावर लावायला एखादा खरा जुना डाग हवा होता. कागद टेबलावर, पेन सेल्मरच्या हातात.

सेल्मरने वर बघितलं. त्याचा चेहरा एकदम सैलावला.

“मघापासून थांबवलाय याला,” सेल्मर म्हणाला. शपथ मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. “मी म्हटलं, माझा भाऊ आडमुठा आहे, गावभर छी थू होऊ देईल, पण शेवटच्या घटकेला येईल. पंधरा दिवस रग जिरवलीस ना माझी? जिरव. तुझ्या जागी मी असतो तर मीही जिरवली असती.”

अर्विड एवढ्यावर गप्प बसला असता तर. “हो, जिरवली” म्हणाला असता तर डाग त्याचा होता. पण टोलफसनांना खोटं बोलता येत नाही, आणि वर तो स्वतःची बाजू मांडायला उतावीळ झालेला.

“नाही रे, रग कसली. मला ठाऊकच नव्हतं. आत्ता बर्नाडीनने सांगितलं, तसा आलो. डाग मला हवा आहे, सेल्मर.”

“ठाऊक नव्हतं म्हणजे?”

“नव्या गाडीत तो वरचा रेडिओ आहे ना. त्यावर इथलं लागत नाही.”

“लागत नाही की लावत नाहीस?”

अर्विडने खाली बघितलं. “लावत नाही.”

“कधीपासून?”

“गाडी आणल्यापासून.”

सेल्मरने पेन टेबलावर ठेवलं. “म्हणजे वसंतापासून. तुझ्या कापलेल्या गवताबद्दल बोललो ते?”

“नाही ऐकलं.”

“आणि त्या लंगड्या घोडीचं?”

“नाही.”

“त्या घोडीचं मी दोन दिवस जुळवत होतो,” सेल्मर म्हणाला. “दवाखान्यात पडल्या पडल्या. पाय काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. नर्स म्हणाली, झोपा. मी म्हटलं, थांब बाई, भावाला आज सोडायचं नाही. उत्तर येईना तेव्हा वाटलं, वर्मी लागलंय तुला, गाडीत बसून धुमसत असशील. मी इथे एकटा बसून हसायचो.” त्याचा आवाज एकदम चढला. “मी भिंतीशी बोलत होतो, अर्विड. उन्हाळाभर.”

“तू शिव्याच देत होतास ना? शिव्या ऐकल्या नाहीत म्हणून रागावतोस?”

“मग दुसरं काय होतं आपल्याकडे?”

 अर्विडने टोपी काढली, परत घातली. “मी आता लावीन. आजपासून. बटण आहे तिथे.”

“बटण आहे.” सेल्मरने मान हलवली. “तू हट्टाने आला नसतास तरी मी हा डाग तुला दिला असता. पोस्टाने पाठवला असता. ज्याचा राग येतो तो आपला असतो. पण तू मला बंद केलंस, आणि वर गाणी लावलीस.”

“सेल्मर, बापाचा डाग आहे तो.”

“आजोबांचा,” सेल्मर म्हणाला, आणि पेन उचललं.

प्रेंटिस बिचारा मघापासून खुर्चीत अवघडला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने घसा खाकरला आणि कागदाकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, “फाटकावर लावताना चुकायला नको म्हणून विचारतो. या टीचं डोकं कुठल्या बाजूला असतं?”

“डावीकडे,” दोघे भाऊ एकदम म्हणाले.

 मग सेल्मरने कागद जवळ ओढला आणि सही केली.