डायनामोखालचं नाव

आजऱ्याहून काजूगराचे डबे कोल्हापूरला पोचवायला अमरेशला जीपच बरी पडायची. दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याकडून घेतलेली ही जुनी गाडी इंजिनाला खणखणीत होती, पण दिव्यांना अगदी मरतुकडी. वायपर चालू केला की हेडलाइट पिवळे पडायचे, आणि चढावर गाडी हळू झाली की पुढचा रस्ताच दिसेनासा व्हायचा. डायनामो जुन्या काळचा. इंजिन जोरात फिरेल तेवढ्यापुरतीच बॅटरी भरायची. १९९९ च्या हिवाळ्यात अमरेशनं ठरवलं, आता हे दुखणं पुरे, अल्टरनेटर बसवून घ्यायचा.

उद्यमनगरात बाळासो म्हणून एक जण हेच काम करायचा. त्यानं बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि आतूनच मोठ्या आवाजात सांगून टाकलं की डायनामोबरोबर त्याचा चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआऊटही जाणार, बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढायची आणि अल्टरनेटरची बसण वेगळी असल्यानं जुनी पट्टी कापावी लागणार. अमरेश मान हलवून बाहेरच्या बाकावर चहा घेत बसला.

डायनामो खाली आला. त्याच्या मागं दडलेली लोखंडी पट्टी बाळासोनं रॉकेलच्या चिंधीनं पुसली आणि हाक मारली.

"पावणं, नाव काय म्हणलासा तुमचं?"

"अमरेश."

"मग पयल्यापास्नं तुमचीच गाडी म्हणायची की ही. हितं कोरलंय."

एकाच नावाची दहा माणसं असतात, असं म्हणत अमरेश उठला आणि वाकून बघायला लागला. पट्टी बैलगाडीच्या धावेच्या लोखंडाची होती, आणि तिच्यावर छिन्नीनं ठोकलेली वेडीवाकडी अक्षरं होती. अमरेश नव्हे, आमरेश. पहिल्या अक्षराला एक काना जास्तीचा.

त्यानं कप खाली ठेवला आणि त्या कान्यावरून बोट फिरवलं.

तो काना त्याचाच होता. शाळेत असताना त्यानं लोहाराच्या भात्याजवळ बसून तो ठोकला होता. त्याच्या वडिलांच्या, रुद्राप्पांच्या जीपचा डायनामो हलायला लागला, तेव्हा त्यांनी धावेचा तुकडा कापून ही पट्टी करून घेतली होती. थोरला भाऊ सोमशेखर पट्टी धरून बसला होता आणि चुकलेला काना बघून पोट धरून हसला होता.

तीच जीप घेऊन सोमशेखर ८८ च्या पावसाळ्यात घराबाहेर पडला, तो परत आला नाही. हिरण्यकेशीला पूर होता. गाव आठवडाभर काठ धुंडाळत होतं. जीपचा पत्रा हाती लागला नाही, माणूसही लागला नाही. पूल ओलांडताना गाडीसकट वाहून गेला, असं सगळे म्हणाले. शेवटी रुद्राप्पांनी काळजावर दगड ठेवून त्याचे दिवस घातले, आणि पुढं चार वर्षांत तेही गेले.

म्हणजे जीप पुरात गेलीच नव्हती. रंग वेगळा, हूड वेगळं, नंबर वेगळा, पण जीप तीच. दोन वर्षं तो तिच्यातच बसत होता. अव्वाला, आपल्या आईला, याच गाडीतून पन्हाळ्याला घेऊन गेला होता. मग अण्णाचं, सोमशेखरचं, काय झालं? कुणी तरी वाटेत गाठून, मारून, गाडी पळवली असणार. दुसरं काय असणार?

त्यानं बाळासोला पट्टी मागितली आणि मांडीवर घेऊन बसून राहिला. नवी पट्टी बसली, अल्टरनेटर चढला, फॅनबेल्ट ताणला. बाळासोनं इंजिन नुसतं मंद चालू ठेवून सगळे दिवे लावले आणि मीटरचा काटा चार्जिंगच्या बाजूला कसा ठाम उभा आहे ते कौतुकानं दाखवलं. अमरेश बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

तो आजऱ्याकडं वळलाच नाही, थेट इचलकरंजीला गेला. ज्यानं गाडी विकली त्या मागवाल्यानं ओळख देऊन खुर्ची पुढं केली. गाडी तुमच्याकडं आली कुठून, असं अमरेशनं विचारलं तेव्हा तो जरा चपापला. जुन्या भंगारातल्या गाडीचे कागद हिला लावले होते, हे त्यानं आढेवेढे घेत कबूल केलं. पण गाडी कुणी आणली हे सांगताना अडखळला नाही.

"आमच्या जॉबरनं. माग दुरुस्त करतोय न्हवं का, तो. आतच हाय. बोलावू?"

अमरेशनं मुठी वळल्या. अण्णाचा खुनी भिंतीपलीकडं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दार उघडलं तसा मागांचा खडखडाट अंगावर आला आणि केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी कणी चढलेला एक माणूस बाहेर आला. त्यानं अमरेशकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पट्टीकडं.

"शेवटी डायनामो काढलास म्हण की," तो म्हणाला.

आवाज अण्णाचा होता.

अमरेश मागं सरून खुर्चीत बसला. मागवाला कुणाला तरी पाणी आणायला सांगत होता. सोमशेखर जवळ आला नाही. उभ्या जागीच त्यानं सांगितलं.

अप्पांनी त्याचं लग्न ठरवलं होतं आणि त्यानं इकडं एका विणकराच्या मुलीला शब्द दिला होता. लग्न उरकून मगच घरी सांगायचं म्हणून तो इचलकरंजीला आला, तोवर पुरानं रस्ते बंद झाले. लग्न झालं, रस्ते उघडले, आणि महिन्याभरानं त्याला न ओळखणाऱ्या आजऱ्याच्या एका ट्रकवाल्याकडून कळलं, रुद्राप्पांचा थोरला पुरात गेला, त्याचे दिवससुद्धा झाले.

"पयल्यांदा हसू आलं," सोमशेखर म्हणाला. "मग भ्या वाटलं. मग बरं वाटलं, खरं सांगतो. आज जातो, उद्या जातो म्हणत ऱ्हायलो. मेलेल्या माणसाला परत जायला लई जड जातंय, अमऱ्या."

तू विकत घ्यायला जीप शोधतोयस हे त्याच ट्रकवाल्याकडून कळलं, म्हणून मालकाच्या मागं लागून मीच ती तुला द्यायला लावली, हेही त्यानं सांगितलं. गाडी घेताना अमरेश याच खोलीत चहा घेत होता तेव्हा तो आतल्या जाळीतून बघत उभा होता.

अमरेशला त्याला मारायचं होतं. हात उचललाच गेला नाही.

"अप्पा गेलं, ते कळलं हुतं?"

"कळलं. महिन्यानं."

"बस गाडीत."

दोघं आजऱ्याच्या वाटेला लागले. अंधार पडायला लागला तसे अमरेशनं दिवे लावले. रस्ता दूरवर पांढरा लख्ख दिसत होता, आणि शेजारी मेलेला भाऊ बसला होता. अमरेश मधेच नजर वळवून तो खरंच आहे का ते बघत होता.

त्यांची आई बसव्वा सोप्यात काजू निवडत बसली होती. दोघं दारात आले तसं तिनं मान वर न करता सुनेला सांगितलं, पावणं आल्यात, पाणी दे.

"अव्वा," सोमशेखर म्हणाला.

तिची बोटं काजू निवडतच राहिली. चांगला एका बाजूला, फुटका एका बाजूला. मग थांबली. तिनं त्याच्याकडं नीट, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं मात्र अमरेशला.

"कुठं हुता ह्यो?"

"इचलकरंजीत."

"एवढ्या जवळ?"

ती रडली नाही, ओरडली नाही. लग्न केलंस का, पोरं किती, एवढं विचारून घेतलं. दोन मुली आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "त्यास्नी घिऊन ये. तवर उंबऱ्याच्या आत यायाचं न्हाय. बापानं तुझं दिवस घातलं, मला आदी नाती बघू दे." सोमशेखर बाहेरच्या कट्ट्यावर झोपला आणि सकाळच्या एसटीनं गेला.

तो परत येईल याची अमरेशला खात्री वाटत नव्हती. म्हणून रविवारी तो स्वतःच जीप घेऊन इचलकरंजीला गेला. सोमशेखर कपडे करून दारातच उभा होता. तो आणि वहिनी मागं बसले, मोठी मुलगी त्यांच्यात दाटीवाटीनं बसली. धाकटी शांभवी हट्टानं पुढं येऊन बसली. निपाणी गेल्यावर तिनं अमरेशला विचारलं, तुम्हांला काय म्हणायचं?

अमरेशचा राग अजून जसाच्या तसा होता. गडहिंग्लज येईपर्यंत तो गाडी चालवत राहिला. पोरगी उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडं टक लावून बसली होती.

"काका म्हण," तो शेवटी म्हणाला.