पाय कुठे आहेत?

"डोळे मिटा. पायाचा अंगठा वर आहे की खाली?" व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो धरून विचारलं.

"वर," रंगारी ठणकावून म्हणाला. अंगठा खाली होता. मागे उभ्या बायकोने तोंडाला पदर लावला.

सारा जन्म शिडीवर काढलेला माणूस तो. हातात ब्रश, नजर छतावर, आणि खालची पायरी पायाला आपोआप सापडायची. एका तापाने ते सगळं नेलं. पायांत जोर होता, पण ते कुठे आहेत याची डोक्याला खबरच पोचेना. "तोवर डोळ्यांनी चाला, हळूहळू परत येईल," बाई म्हणाल्या.

तो मान खाली घालून चालायला शिकला. त्याच सुमारास नातही शिकत होती. ती धपकन बसायची, पुन्हा उठायची, पण पायांकडे चुकूनही बघायची नाही. हिला कोण सांगतं, पाय कुठे आहेत ते? रंगारी बघतच राहायचा.

एकदा फुशारकीत त्याने तिला उचललं. ती छातीशी आली आणि तिच्याआड त्याचे पाय दिसेनासे झाले. तो भिंतीला टेकला, घामाघूम. "अगं, धर हिला!" त्यानंतर त्याने नातीला कडेवर घ्यायचं नावच काढलं नाही. व्यायाम मात्र निमूटपणे चालू होता, त्यालाही बरेच महिने झाले.

एका दुपारी तो खुर्चीत पेंगत होता. पायाशी खुडबुड झाली.

"वर," तो झोपेतच पुटपुटला. मग, "खाली."

त्याने डोळे उघडले. नात त्याचा अंगठा धरून खाली ओढत होती.

"अगं ए! लवकर ये!"

बायको पिठाच्या हातांनी धावली. "पडलात की काय?"

"हिला माझ्याकडे दे."

"अहो, काहीतरीच काय!"

"दे म्हणतो ना."

तो उभा राहिला. नात कडेवर आली, पाय तिच्याआड गेले. त्याने पाय उचलला. मग खाली, न दिसणाऱ्या जागी, टाच फरशीला लागली. गुडघा वाकला. दुसरा पाय पुढे गेला, आणि तो गेल्याचं त्याला कळलं. पुसट, पण कळलं. केवढी ही करामत, आणि इतकी वर्षं ती फुकट चालली होती!

बायको दोन्ही हात पसरून मागोमाग. "कसं हो कळतंय?"

"कोण जाणे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, समोरचं काहीच धड दिसत नव्हतं, आणि तो खिडकीपर्यंत चालत गेला.